सतरावा प्रश्न

शिवलीला बागेवाडीला कॉलेजात सगळे मॅडम म्हणत, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत, आणि तरीही ती त्या कॉलेजची कुणी नव्हती. बारा वर्षं ती बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला ऑडिटिंग शिकवत होती, पण तासावर. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर ठणठणगोपाळ. दर एप्रिलला निरोप आणि दर जूनला नवी मुलाखत. मुलाखत घेणारेही तेच, देणारीही तीच, आणि ‘तुमचा अनुभव किती?’ असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नसे. बाकी पेपर तपासायचे असोत, तपासणी समितीसाठी फायली लावायच्या असोत की स्नेहसंमेलनात मुलांना आवरायचं असो, ही कामं मात्र कायम नोकरी असल्यासारखी तिच्याच गळ्यात पडत.

यातून सुटायचा रस्ता एकच होता, पीएच.डी. सेटची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली होती, पण हल्ली सेटवाले पैशाला पासरी. कायम जागेची जाहिरात निघाली की नावापुढं डॉक्टर लावणारे आत आणि बाकीचे दारात. म्हणून एकतिसाव्या वर्षी तिनं अकाउंटन्सीत नाव नोंदवलं. आता ती एकोणचाळीसची होती. ‘पीएच.डी. होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता स्थळं आणणाऱ्या बायका दमल्या. लेकीचं काहीतरी मार्गी लागलेलं बघायचं म्हणून वाट बघत बसलेली तिची अव्वा चौथ्या वर्षी काविळीनं गेली. कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या दोन खोल्यांत उरले दोघंच, ती आणि अप्पा.

अप्पा म्हणजे चनबसाप्पा बागेवाडी. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत बेचाळीस वर्षं दिवाणजी, म्हणजे पेढीच्या वह्या लिहिणारे. त्यांच्या कामाचा एक रिवाज होता, दिवेलागणीच्या आत त्या दिवसाचं पान पुरं झालं पाहिजे. सौद्याच्या गडबडीत मालक अर्धंच सांगायचा. ‘ते गारगोटीचं लिहून घ्या’ एवढं म्हणून फटफटीला किक मारायचा. गारगोटीचं म्हणजे कुणाचं, कुठल्या गाडीनं आलं, कुणी उतरवून घेतलं, हे दिवाणजीनं ओळखून लिहायचं. मालक विसरला तर चालतं, दिवाणजीनं विसरून चालत नाही. पानावर कोरी जागा राहिली तर उद्या तिथं कुणीही काहीही लिहील, आणि मग ओरडायचं कुणाच्या नावानं? अप्पांनी उभ्या जन्मात एक रकाना कोरा सोडला नाही आणि एक अक्षर खोटं लिहिलं नाही, असं सगळं यार्ड सांगत असे, आणि ते खरंच होतं.

शिवलीलाचा विषय अप्पांच्या जिव्हाळ्याचाच होता. शहरातले लहान दुकानदार आणि तालुक्याच्या गावांतले लहान दुकानदार हिशेब कसे ठेवतात, याचा तुलनात्मक अभ्यास. इंग्रजीतलं दोन ओळींचं शीर्षक ती वाचून दाखवायची. अप्पा कौतुकानं मान हलवायचे आणि म्हणायचे, “झ्याक. आता मराठीत सांग.”

या अभ्यासासाठी तीस प्रश्नांचा एक फॉर्म होता. वही की संगणक, रोज लिहिता की आठवड्यानं, जीएसटीचं कोण बघतं, असले साधे प्रश्न. सतरावा प्रश्न असा, ‘तुमच्यानंतर दुकानाचे हिशेब कोण सांभाळणार?’ खाली चार चौकोन होते, मुलगा, मुलगी, इतर नातेवाईक, ठरलेले नाही. कागदावर हा प्रश्न गरीब गाईसारखा दिसतो. पण सकाळी गल्ल्यावर उदबत्ती फिरवून बसलेल्या माणसाला ‘तुमच्यानंतर’ म्हणून बघा. लक्ष्मीपुरीतल्या एका किराणावाल्यानं तिला सरळ सांगितलं होतं, “मॅडम, अजून बोहनी व्हायची हाय आणि तुमी माझ्या माघारीचं काय काढलायसा? ऱ्हाऊ दे त्ये कोरं.” शहरातले एकशे ऐंशी फॉर्म तिनं स्वतः भरून घेतले. त्यांतल्या सव्वाशेंनी सतरावा प्रश्न कोराच ठेवला.

उरले तालुक्यांचे एकशे वीस. मलकापूर, गारगोटी, चंदगड. रजा घ्यावी तर तास बुडतो, तास बुडला तर मानधन बुडतं, आणि जूनच्या मुलाखतीत ‘तुमचे तास कमी दिसतात’ हेही ऐकावं लागतं. ती फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात घेऊन नुसती बसून होती, तेव्हा अप्पा म्हणाले, “मी जातो की. पंच्याहत्तर झाली, आता एसटी फुकाट हाय. घरात बसून तरी काय, भिंतीसंगं बोलतोय.”

“अप्पा, चंदगड म्हंजे चार तासाचा रस्ता. तुमाला झेपायचं न्हाय.” कॉलेजात ‘मी येते, मी जाते’ म्हणणारी शिवलीला घरी कोल्हापुरी बायकांसारखी ‘येतो, जातो’वर यायची. “त्यापेक्षा मीच जातो दिवाळीच्या सुट्टीत.”

“तू शिकीव. दुकानदाराची वही कशी बघायची, हे मला शिकवू नगंस.”

दोन वर्षं अप्पा हिंडले. डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी, पिशवीत फॉर्म आणि भाकरी. एका खेपेला सात-आठ फॉर्म. दुकानदाराच्या शेजारी बसायचं, चहा प्यायचा, विचारत विचारत स्वतःच्या हातानं लिहायचं. चंदगडच्या पावसात एकदा ते असे भिजले की आठ दिवस अंथरुणात होते, पण फॉर्म प्लास्टिकमध्ये कोरडे ठणठणीत. त्यांचं अक्षर बघून शिवलीलाला भरून यायचं. आपल्या आयुष्यात असं आपलं काम उरावर घेणारा माणूस दुसरा नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग तिनं सगळे फॉर्म लॅपटॉपवर चढवले आणि निष्कर्ष बाहेर पडला. शहरातले दुकानदार ‘माझ्यानंतर’ म्हटलं की तोंड फिरवतात, तालुक्यातल्यांनी मात्र झाडून सगळ्यांनी उत्तर दिलंय. म्हणजे गावाकडचा व्यापारी आपल्या पश्चात दुकानाचं काय, याचा विचार करून बसलाय. तिचे गाईड घोरपडे सर उठून उभे राहिले. “मॅडम, हे कुणीच मांडलेलं नाही. हेच तुमचं योगदान!” पाचवं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. पुण्याच्या परिषदेत तिनं त्यावर निबंध वाचला, टाळ्या पडल्या, आणि परतीच्या गाडीत आठ वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपलं होणार.

योग असा, की त्याच महिन्यात कॉलेजनं जाहिरात काढली. अकाउंटन्सीची कायम जागा, एक. प्रबंध सादर करायला पाच आठवडे उरले होते. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा नियमात नव्हतं. घोरपडे सरांनी शेवटचं एक काम सांगितलं. पाचव्या प्रकरणाला जोड म्हणून चार-पाच दुकानदारांची सविस्तर माहिती घ्या, फोनवर घेतली तरी चालेल. शिवलीलानं गठ्ठ्यातला वरचाच फॉर्म उचलला. दिलदार नावाचे गृहस्थ, चंदगडात काजू आणि किराणा. सतराव्या प्रश्नाला ‘मुलगा’वर ठसठशीत खूण.

दिलदारभाई फोनवर मोकळेपणानं बोलले. अप्पांची चौकशी केली, या खेपेला काजू न्यायला सांगा म्हणाले. मग तिनं विचारलं, “तुमचा मुलगा हिशेब बघतो ना? त्याच्याशी जरा बोलता येईल?”

पलीकडं त्यांनी गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

“ताई, एकच हुता,” दिलदारभाई म्हणाले. “सहा वर्साचा असताना तापानं गेला. त्येला आता वीस वर्सं झाली.”

“पण फॉर्मवर...”

“त्यो प्रश्न मी सोडा म्हणलेलो. मला काय बोलवंना. अप्पा म्हणालं, ऱ्हाऊ दे, मी बघतो.”

तिनं माफी मागितली, फोन ठेवला आणि बाकीच्यांना फोन लावत सुटली. अठरा लोकांना लावला, चौदा जणांनी तेच सांगितलं. आम्ही सोडलेला तो प्रश्न, अप्पांनी बघतो म्हटलं. आणखीही काही प्रश्न निघाले, जे दुकानदारांनी सोडलेले आणि फॉर्मवर मात्र भरलेले.

अप्पा मागच्या दारी जुंधळे निवडत बसले होते. ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

“अप्पा, ज्यांनी सांगितलं न्हाय, त्यांचं तुमी लिव्हलंय?”

“व्हय की,” अप्पा म्हणाले, वर न बघता. “कोरं कसं ठिवायचं, लीलव्वा? मी तितं बसलोय, दुकान बघितलंय, वह्या चाळल्यात. कोण काय करतंय, कळतंय मला. जे न्हाय कळलं त्ये अदमासानं. पान पुरं करायला नगं?”

“दिलदारभाईंचं मुलगा लिव्हलंय तुमी.”

“काउंटरच्या काचंखाली फोटू हाय की त्येच्या पोराचा. ग्वाड पोरगं.”

तिनं काय ते सांगितलं. अप्पांचा हात सुपातच थांबला. ते म्हणाले, “आसं व्हय. फोटूवरनं वाटलं न्हाय गं.” मग घाबरून विचारलं, “तुझ्या कामात काय अडचन न्हाय न्हवं?”

“न्हाय,” ती म्हणाली. “सहज इचारलं.”

तीनशेतल्या एकशे वीस फॉर्मवर कुठलं उत्तर दुकानदाराचं आणि कुठलं अप्पांचं, हे आता सांगता येत नव्हतं. अक्षर एकच, शाई एकच. तिनं अप्पांना आडून आडून विचारलं, पण त्यांनाही ते आठवेना. एकशे वीस बाजूला काढावेत, तर शहराची तुलना करायची कशाशी? पुन्हा भरून घ्यावेत, तर अप्पांना लागली दोन वर्षं आणि हिच्या हातात पाच आठवडे, तेही परीक्षेच्या दिवसांतले.

घोरपडे सर वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांत निवृत्त होणार होते, दमले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. “मॅडम, तुम्ही मला हे सांगितलंच नाही असं मी समजतो. त्या चौकोनांकडं कोण बघतंय? चंदगडला कोण जाणार आहे विचारायला? आठ वर्षं घालवलीत तुम्ही. सादर करा. पदरात पडू द्या.”

ती खरंच मोहात पडली, ते लपवण्यात अर्थ नाही. चार दिवस तिनं प्रबंधाची छपाई, बांधणी, मुखपृष्ठाचा रंग सगळं ठरवलं. बायंडिंगवाल्याला फोनही केला. पाचव्या दिवशी तास होता. तिसऱ्या वर्षाला ती नेहमीप्रमाणं शिकवत होती, की ऑडिटरनं जे स्वतः पाहिलं नाही, पडताळलं नाही, त्याखाली सही करायची नाही, समोर कुणी का असेना. दर वर्षी हे वाक्य ती फळ्यावर लिहायची. आज लिहिताना तिचा हात अर्ध्यावर थांबला. पुढच्या बाकावरच्या मुली पेन उचलून वाट बघत राहिल्या. तिनं कसाबसा तास संपवला, प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडली आणि त्याच दुपारी सरांना सांगून टाकलं, की मी सादर करत नाही.

मुदत संपली. महिन्याभरानं नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. तिनं ते अव्वाच्या इरकली साड्यांच्या घडीत ठेवलं, कारण त्या साड्यांना अप्पा हात लावत नसत. अप्पांना सांगितलं, विद्यापीठानं मुदत वाढवून दिलीय, थोडं काम राहिलंय. अप्पा म्हणाले, “बरं झालं. गडबड नगंच.” आणि शेजारी, किराणावाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळ्यांना पूर्वीसारखं सांगत राहिले, की आमची लेक डॉक्टर होतीया, सुई टोचायची न्हाय, हिशेबातली.

कायम जागा विश्वजितला मिळाली. चांगला मुलगा, तिच्याहून सात वर्षांनी लहान, गेल्याच वर्षी पीएच.डी. झालेला. ही बातमी घेऊन मोना घरी आली. मोना इंग्रजी शिकवायची, तीही तासावरच, आणि शिवलीलाची एवढी एकच मैत्रीण. शिवलीला आत चहा टाकायला गेली. शिवलीलानं मोनाला सगळं सांगितलं होतं, आणि मोनाला वाटलं, अप्पांनाही ते ठाऊकच असणार. ती कळवळून म्हणाली, “अप्पा, फार वाईट वाटतंय हो. ती सोडलेली उत्तरं तुम्ही तशीच राहू दिली असती, तर मॅडमचा प्रबंध अडला नसता. आज त्या खुर्चीत मॅडम असत्या.”

शिवलीला चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मोना मान खाली घालून बसली होती आणि अप्पा तिच्याकडं बघत होते. त्यांनी कप घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याले. दुसऱ्या दिवशी शिवलीला उठली तर अप्पा नव्हते. ओट्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती, ‘चंदगडास जातो. दूध तापविले आहे.’

तिनं स्टँडवर जाऊन चौकशी केली, सहाची गाडी कधीच गेली होती. मोबाइल ते घरीच ठेवून गेले होते. कॉलेजात जाऊन तिनं तास घेतले, काय शिकवलं ते तिला सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. पायांवर सूज, ओठ सुकलेले, काखेत पिशवी. पाणी प्याले आणि पिशवीतून गठ्ठा काढून तिच्यापुढं ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी नवे कोरे फॉर्म झेरॉक्स करून नेले होते.

“अकरा झालं,” ते म्हणाले. “ज्यानं त्यानं आपापल्या हातानं लिव्हलंय, मी पेनाला हात लावला न्हाय. खाली सही घेतलीया. चंदगडचं अजून हायती, जातो पुन्यांदा. दिलदारच्या फुडं हात जोडलं. त्यो म्हणाला, अप्पा, तुमी आदी बसा, च्या घ्या.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “लीलव्वा, बेचाळीस वर्सं लोकांच्या वह्या लिव्हल्या. कुनाचं वाटुळं केलं न्हाय गं मी. आन् घरातल्या लेकराचंच...”

“अप्पा, आसं बोलू नका.”

“आता चालंल न्हवं ह्ये?”

पत्र आतल्या खोलीत साडीच्या घडीत होतं. उठायचं, आणायचं, पुढ्यात ठेवायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला उगाच एसटीत हिंदकळत फिरू द्यायचं नसेल, तर एवढंच करायला हवं होतं. शिवलीलानं त्यांच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं.

“चालंल,” ती म्हणाली. “बरं झालं आणलं. ह्याच्यासाठीच अडलं हुतं.”

एका खोट्या खुणेपायी जिनं आठ वर्षांवर पाणी सोडलं, तिच्या तोंडून हे इतकं सहज आलं, याचं तिलाच नवल वाटलं. अप्पांचा चेहरा मात्र सैलावला. ते हिशेब मांडू लागले. पुढच्या आठवड्यात चंदगडची दुसरी खेप, मग गारगोटी, मग मलकापूर, सगळे एकशे वीस होईपर्यंत थांबायचं नाही. ज्यांची दुकानं बंद झाली असतील तिथं आडवी रेघ मारायची, आपल्या मनानं काही लिहायचं नाही. “तवर माझं बी पाय चालत्यात,” ते म्हणाले. “तू डॉक्टर हुस्तवर मी कुटं जात न्हाय.”

शिवलीलानं लॅपटॉप आणला. पुसून टाकायची म्हणून ठेवलेली ती फाइल उघडली, जी आता कुणीही मागणार नव्हतं, कुणीही वाचणार नव्हतं. अप्पांनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा लावला, आणि यार्डात सौदा वाचून दाखवायचे तशा आवाजात वाचायला लागले.

“यक नंबर, दिलदार. पयला, वही. दुसरा, रोजच्या रोज. तिसरा, स्वता.” असं करत ते सतराव्यापाशी आले. तिथं त्यांचा आवाज उतरला. बोट त्या चार रिकाम्या चौकोनांवरून दोनदा फिरलं.

“सतरावा, कोरा,” अप्पा म्हणाले. “लिव्हलंस?”

“लिव्हलं, अप्पा,” ती म्हणाली, आणि त्यांनी पुढचा प्रश्न वाचला.